पलीकडचा फोन

मार्च लागला की ऑफिसला जाताना मी रोज रस्त्यात गाडी थांबवतो आणि एका मोहाच्या झाडाखाली पाच मिनिटं उभा राहतो. खाली किती फुलं पडलीत ते पाहतो, खिशातल्या डायरीत तारीख लिहितो आणि निघतो. पहिल्या वर्षी ऑफिसात कुजबुज झाली. आमचा शिपाई मनाचा चांगला. त्यानं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, घरी सारं बराबर हाये ना?" आमच्याकडे मोहाच्या झाडाशी सलगी करणाऱ्या माणसाबद्दल लोकांना एकच शंका येते. मी दारूला शिवत नाही हे सांगून कोणाला पटलं नसतं, म्हणून सांगितलंच नाही. ही तारीख कशासाठी लिहितो ते जैवंताबाईंना न सांगता कळलं असतं. पण त्या असत्या तर मला झाडाखाली उभं राहायची गरजच पडली नसती.

मी गडचिरोलीतल्या एका जंगलातल्या तालुक्यात आरोग्य खात्याच्या संगणकावर नोंदी करतो. पदाचं नाव लांबलचक आहे आणि करार अकरा महिन्यांचा. असे अकरा-अकरा महिने करत बारा वर्षं निघाली. घर आरमोरीला. तरुणपणी वडशाच्या नाटक कंपनीत खलनायकाचं काम मिळावं म्हणून दोन हिवाळे चकरा मारल्या होत्या. ते काम मिळालं असतं तर लोकांनी मला स्टेजवरच शिव्या दिल्या असत्या आणि कदाचित माझ्या हातून नुकसान कमी झालं असतं.

जैवंताबाई उसेंडी आमच्याकडे आशा होत्या. नदीकाठच्या सात पाड्यांतल्या गरोदर बायका, बाळंतिणी आणि तान्ही लेकरं त्यांच्याकडे. सातातले सहा पाडे नदीच्या अलीकडे आणि एक पलीकडे. त्या पाड्याला नाव होतं, पण बाई त्याला नुसतं 'पलीकडे' म्हणायच्या. वय पन्नाशीचं असेल. उंच, काटक, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण, लुगडं पोटरीच्या वर. महिन्याच्या मिटिंगला पहिल्या बसनं यायच्या. कोणी सांगितलं नव्हतं तरी चपला बाहेर काढून आत यायच्या आणि माझ्या टेबलासमोर उभ्या राहून दोनदा हात जोडायच्या. "जोहार बापू." हा पहिला मला. मग संगणकाच्या डोक्यावर हात ठेवून, "जोहार पेटी." संगणकाला त्या पेटीच म्हणायच्या. पेटीनं कधी उत्तर दिलं नाही, पण बाईंचा नमस्कार चुकला नाही.

शिक्षण चौथीपर्यंत. लिहायच्या हळू, पण विसरायच्या काहीच नाही. आमचं भांडण व्हायचं तारखांवरून. गरोदर बाईची नोंद करायची तर शेवटच्या पाळीची तारीख लागते. तारीख टाकल्याशिवाय पेटी पुढं सरकतच नाही. बाई सांगायच्या, "हे मोहाची. हे तेंदूतली. हे दोघी हलका धान कापून राह्यलो होतो तवाच्या."

"बाई, मला तारीख पाहिजे, तारीख!" मी ओरडायचो.

"तेच तर सांगून राह्यली. मोह पडून राह्यले होते तवाची हाये ते."

शेवटी मीच एक तक्ता केला आणि टेबलाच्या काचेखाली सरकवला. मोह पडणे म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा. तेंदू म्हणजे मेची सुरुवात. रोवणी जुलैत, हलका धान ऑक्टोबरच्या मध्यात, भारी धान नोव्हेंबर संपता संपता. मला माझाच मोठा अभिमान वाटला. बाईंनी तक्ता वाचून घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "साजरा केला बापू. पण मोह का तुया पेटीले इचारून पडते?" त्यानंतर प्रत्येक नोंदीला त्या बोटं दाखवायच्या. बोट खाली म्हणजे यंदा एक आठवडा आधी, बोट वर म्हणजे एक आठवडा उशीर. दोन बोटं वर म्हणजे दोन आठवडे. मी चिडत-चिडत तारीख सरकवायचो. पुढं चंद्रपूरच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट यायला लागले, तेव्हा मी एक दिवस गुपचूप ताडून पाहिलं. चार-दोन दिवसांच्या पलीकडे बाईंचं बोट कधी चुकलं नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मग खात्यानं आशांना मोबाईल दिले. तालुक्याच्या सभागृहात प्रशिक्षण झालं. शिकवणारा बाहेरून आलेला, हिंदीत बोलत होता. प्रत्येक मातेचा मोबाईल नंबर टाकायचाच, त्याशिवाय नोंद होणार नाही, मातेला तपासणीचे मेसेज त्याच नंबरवर जातील, असं तो सांगत होता. बाई मागच्या रांगेतून उठल्या.

"साहेब, आमच्या पाड्याइत बायाइपाशी फोन नाई."

"घर में किसी का तो होगा?"

"नाई. सात पाड्याइत बायाइच्या कामाचा फोन एकच हाये. तो तुमी आत्ता मले देल्ले."

सगळे हसले. तोही हसला आणि म्हणाला, "तो वही डाल दो, अम्मा." बाईंनी ते आज्ञा म्हणून घेतलं. एक्केचाळीस बायकांच्या नावापुढं एक्केचाळीस वेळा त्यांनी स्वतःचाच नंबर टाकला. एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या जैवंताबाई कसल्या! नंबर पेटीत गेला, पण बायकांच्या डोक्यात कसा जाणार? कागदावर लिहून द्यावा तर वाचणार कोण आणि चुलीजवळ तो टिकणार किती दिवस?

याचं उत्तर मला त्या वर्षीच्या रोवणीत कळलं. फोनला कुठं रेंज येते ते पाहायला आमच्या ऑफिसच्या साहेबांनी मला बाईंच्या गावी पाठवलं होतं. चिखलात वाकून दहा-बारा जणी धान रोवत होत्या आणि रेलाच्या चालीवर काहीतरी गात होत्या. आमच्याकडच्या गोंडी गावांत सणाला, लग्नाला, रात्रभर नाचताना जी गाणी म्हणतात त्याच ठेक्यावर. मला गोंडी येत नाही, पण आकडे येतात. उंदी, मूंद, येडुंग असे शब्द कानावर आले आणि मी बांधावरच थांबलो. बाईंचा फोन नंबर होता तो. दहाच्या दहा आकडे. शेवटच्या आकड्यावर सगळ्याजणी एकदम पाय आपटायच्या आणि चिखल उडायचा.

"आता कोणी इसरते का सांग," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मला सूर नाही म्हणून रोवणाऱ्या पोरी खूप हसल्या.

उन्हाळ्याच्या आधी आमच्याकडच्या कितीतरी बायका मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्यांतल्या एकीला आठव्या महिन्यात डोकं दुखायला लागलं, हातपाय सुजले, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. तिला तेलुगू येत नव्हती आणि ठेकेदाराला गोंडी येत नव्हती. तिनं त्याचा फोन मागितला आणि शेताच्या धुऱ्यावर बसून गाणं म्हटलं. तिच्यासोबतची एकजण मोडक्या तेलुगूत एकेक आकडा सांगत गेली आणि ठेकेदार दाबत गेला. इथं सात पाड्यांच्या मध्ये बाईंच्या गळ्यातली फोनची पिशवी वाजली. बाईंनी लगेच त्याच फोनवरून चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, डॉक्टरीणबाईंनी तिकडचा दवाखाना शोधून दिला आणि संध्याकाळच्या आत ती बाई खाटेवर होती. ती वाचली आणि पोरगंही वाचलं. पुढच्या मिटिंगला बाई आल्या आणि त्या दिवशी त्यांनी पेटीला दोनदा जोहार घातला.

या डॉक्टरीणबाई चंद्रपुरात एका खोलीत पडद्यासमोर बसायच्या आणि तिथून आमच्यासारख्या कितीतरी तालुक्यांतले पेशंट पाहायच्या. एका पेशंटला थोडीच मिनिटं मिळायची. आमच्या बायका पडदा दिसला की पदर तोंडावर घेऊन मुक्या व्हायच्या. बाईंनी त्यावर तोड काढली. आधी स्वतः फोनसमोर बसायच्या आणि विचारायच्या, "जेवल्या का, डॉक्टरीणबाई?"

"हो, जेवले. पेशंटला काय होतंय?"

"का जेवल्या?"

"जैवंताबाई, मागे रांग आहे माझ्या."

"हाये ना. पण इले तुमी कोण ते समजू द्या पहिले. का जेवल्या?"

"वांग्याची भाजी. आणि पोळी."

बाई मागं वळून गोंडीत सांगायच्या, वांगं खाल्लं म्हणते. घोळक्यात खसखस पिकायची, पदर हनुवटीपर्यंत खाली यायचा आणि मग ती बाई बोलायची. जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं तेही सांगायची. पुढं पुढं डॉक्टरीणबाई फोन लागला की स्वतःच म्हणायला लागल्या, "आज भेंडी. बोला." चंद्रपूरचा दवाखाना आणि आमचा पाडा यांत दिवसभराचा प्रवास आहे. त्या भाजीनं तो थोडा कमी केला, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं.

आता माझ्या हातून जे झालं ते सांगतो.

एका वर्षी मेच्या शेवटाला वरून हुकूम आला. एकच मोबाईल नंबर अनेक लाभार्थ्यांच्या नावावर दिसतो, या नोंदी खोट्या असू शकतात, दोन दिवसांत दुबार नोंदी शून्य करा. तालुक्याची यादी हजारोंची. पडद्यावर नावं नव्हती, नुसते नोंदणी क्रमांक आणि फोन नंबर. एकेक उघडून पाहायला आठवडा लागला असता. शुक्रवार होता आणि मला आरमोरीला जायची घाई होती, घरी पाहुणे येणार होते. मी सगळ्यावर खूण केली, 'पहिली नोंद ठेवा, बाकी काढा' हे बटण दाबलं आणि बस पकडली. यादी एकदा नीट वर-खाली करून पाहिली असती तर तो नंबर मी लगेच ओळखला असता. मला तर तो गाता येत होता.

त्या नंबरावर तेव्हाही एक्केचाळीसच बायका होत्या, त्यांतली एक उरली. चाळीस गेल्या.

आमच्याकडे पावसाळ्यात नदी चढली की कितीतरी पाडे तुटतात. म्हणून ज्यांची तारीख पावसात येते त्या बायकांना जूनच्या सुरुवातीलाच गाडी पाठवून आणतात आणि दवाखान्याजवळच्या माहेरघरात ठेवतात. कोणाला आणायचं ती यादी पेटी काढते आणि यादीवरून गाड्या ठरतात. त्या वर्षी जैवंताबाईंच्या सात पाड्यांपुढं एकच नाव आलं आणि ती बाई तर फेब्रुवारीतच बाळंत झालेली. म्हणजे गाडी नाहीच.

बाईंनी चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी, मंगळवारी, दुपारी ऑफिसच्या दारात ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. मी मान वर केली तर दारातून एकामागं एक पोटुशा बाया आत येत होत्या. घामेजलेल्या, धुळीनं माखलेल्या, सगळ्यांनी चपला बाहेर काढलेल्या. माझ्या टेबलापासून व्हरांड्यापर्यंत रांग लागली. अकरा जणी. सगळ्यांत शेवटी बाई. त्यांनी त्या दिवशी जोहार केला नाही.

"तुया कागदात लिवलं हाये म्हणते, माया बाया डुप्लिकेट हायेत," बाई म्हणाल्या. "ह्या पाह्य. आन् यातली कोणती कोणाची नक्कल हाये ते सांग मले."

साहेब केबिनमधून बाहेर आले आणि तिथंच थांबले. पहिल्या बाईला उभं राहवत नव्हतं, मी उठून माझी खुर्ची तिला दिली आणि उभ्यानंच टाइप करायला लागलो. बाईंनी एकेकीला पुढं आणलं, नाव सांगितलं, पाडा सांगितला. "हे हलक्या धानाची. एक बोट वर." संध्याकाळपर्यंत अकरा नावं पुन्हा पेटीत गेली. अकरा जणी त्याच ट्रॅक्टरनं माहेरघरात पोचल्या.

"बारावी?" मी विचारलं, कारण मागच्या मिटिंगला त्यांनी पावसातल्या बारा जणी म्हटलं होतं.

"मैनी. पलीकडे हाये. रगत कमी हाये तिचं, पाय सुजले हायेत. ट्रॅक्टरचे धक्के तिले झेपत नाई आन् तिच्यानं चालणं होत नाई. नदी कोरडी हाये तवर तिच्यासाठी गाडीच पाहिजे, बापू."

मी तिचंही नाव टाकलं. साहेबांनी लगेच सही केली. पण जूनच्या सुरुवातीच्या गाड्या वाटून झाल्या होत्या, पुढची गाडी मोकळी व्हायला तीन दिवस लागणार होते. दुसऱ्याच रात्री वर कुठंतरी पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी नदी दोन्ही थड्यांना लागली.

मैनी दिवस भरायच्या आधीच अडली. पलीकडून एका वनमजुराच्या फोनवरून गाणं म्हणून नंबर लावला गेला. बाई घाटावर धावल्या. डोंगेवाला पाण्यात डोंगा घालायला तयार नव्हता, कोणीच झाला नसता. घाटावर रेंज चांगली येते. बाई एका कानाला डोंगेवाल्याच्या फोनवर डॉक्टरीणबाई आणि दुसऱ्या कानाला आपल्या फोनवर मैनीची सासू, असे दोन फोन धरून अर्धा दिवस उभ्या होत्या. त्या जे सांगतील ते म्हातारी करत होती. पोरगी झाली, रडली, तिला छातीशी लावली. मैनीचं रक्त थांबलं नाही.

पुढच्या मिटिंगला बाई आल्या तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. सगळ्या आशा गेल्यावर त्या माझ्यासमोर बसल्या.

"फोन लागला होता, बापू. आवाज साफ येऊन राह्यला होता. मी सांगो तसंच ते बुढी करून राह्यली होती. सारं बराबर होतं गा. नदीच आडवी होती."

मी पेटीवर पलीकडची यादी उघडली.

"आता मैनीचं नाव काढ," त्या म्हणाल्या. "आता खरंच काढाचं हाये."

चाळीस नावं मी एका बटणानं काढली होती. हे एक नाव काढायला माझा हात उठेना. बाई म्हणाल्या, "राहू दे. उद्या काढजो."

मला पलीकडे जायचं होतं. मैनीच्या घरी जाऊन सांगायचं होतं की चूक माझी आहे. नदी उतरल्यावर मी बाईंना तसं म्हटलं.

"जाऊ नोको. मी सांगून आली."

"काय सांगितलं?"

"सांगतली, माई चूक झाली. नाव लिवाले मीच इसरली."

मला क्षणभर कळलंच नाही. मग मी चिडलो. "काऊन सांगितलं असं? तुमची चूक नव्हती बाई! माझी होती!"

"तुले ते वळखत नाई. मले वळखतेत," बाई शांतपणे म्हणाल्या. "पेटीनं मैनीचं नाव गिळलं असं समजलं, त त्या पाड्याची एकही बाई मंग पेटीत नाव घालू देणार नाई. जलमभर नाई. मायावरचा राग जाईन, बापू. पेटीवरचा नाई जात."

त्या रागाची वाट बाईंनी दोन वर्षं पाहिली. दर महिन्याला डोंग्यानं पलीकडे जायच्या. लोक वाईट वागले नाहीत. बसायला खाट टाकायचे, प्यायला पाणी द्यायचे, लेकराला डोस पाजू द्यायचे. पण कोणी पोटाशी असल्याचं सांगायचं नाही. बाईंना डोळ्यांनी दिसायचं आणि त्या विचारायच्या तेव्हा समोरची बाई धान पाखडत राहायची. नोंद नाही, फोन नाही. दुसऱ्या पाड्यांतल्या पोरी नाचताना नंबराचं गाणं म्हणायच्या. पलीकडच्या पोरी ते टाळून पुढच्या गाण्यावर जायच्या. हे बाईंनीच मला सांगितलं.

दर मिटिंगला मला एकच प्रश्न असायचा. "पलीकडून?" मी यादी उघडायचो आणि मान हलवायचो. पुढं पुढं त्यांनी विचारणंही सोडलं. जोहार करून नुसत्या बघायच्या आणि मी मान हलवायचो. ज्या चुकीचं ओझं त्या वाहत होत्या ती माझी होती आणि मी पंख्याखाली बसून मान हलवत होतो. आयुष्यात मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नाही.

मधल्या काळात नवे फोन आले, त्यात नवे नंबर. जुना बंद करा असा निरोप आला. बाईंनी नवा फोन घेतला, पण जुना गळ्यातून काढला नाही. "नवा नंबर चालीत बसत नाई," एवढंच साहेबांना सांगितलं. साहेबांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मैनी गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात बाईंना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. चंद्रपूरला नेलं, डॉक्टरीणबाई स्वतः वॉर्डात येऊन गेल्या. पडद्याशिवाय दोघींची ती पहिली भेट आणि बाईंना "का जेवल्या" विचारता येईना. डॉक्टरीणबाईंनीच वाकून सांगितलं, "आज वरण-भात." नंतर त्यांनीच हे मला फोनवर सांगितलं.

बाईंच्या सुनेनं, मंगलानं आशाचं काम घेतलं. हुशार पोरगी, नवा फोन सराईतपणे चालवायची. जुना मात्र बाईंच्या खाटेवर डाव्या हाताशी असायचा. वाजला की बाई अंगठ्यानं बटण दाबायच्या आणि मंगलापुढं धरायच्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मेमध्ये. सुट्टीच्या दिवशी गाडी काढून गेलो होतो. गाव रिकामं, सगळे तेंदूपत्त्याला गेलेले, मंगलाही पुडे मोजून देतात त्या फळीवर गेलेली. आंगणात सावलीला खाट होती. बाई बारीक झाल्या होत्या, गोंदण हातावर सैल दिसत होतं. मला पाहून डावा हात कपाळापर्यंत नेला. मी खाटेच्या काठावर बसलो आणि ऑफिसच्या गोष्टी सांगत राहिलो. पेटी नवीन आली, तुमचा जोहार तिला अजून मिळाला नाही, असं काहीतरी. बाई तोंडाच्या एका बाजूनं हसल्या. मग त्यांनी माझ्याकडे नेहमीसारखं पाहिलं. मीही मान हलवली. नाही, बाई. पलीकडून अजून काही नाही.

तेवढ्यात खाटेवरचा जुना फोन वाजला.

बाईंनी अंगठ्यानं बटण दाबलं, मंगलासाठी इकडं तिकडं पाहिलं आणि मग माझ्यापुढं धरला. पलीकडून खूप माणसांचा गलका येत होता, तेंदूपत्त्याचे पुडे मोजल्याचा आवाज.

"बाई?" एका तरुण पोरीचा आवाज. "बाई, मी सोमी होय. मैनीची बहीण. फळीवरच्या मुनशीच्या फोनवरून करून राह्यली."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. डोळे एकदम मोठे झाले आणि ओठ हलायला लागले, पण आवाज निघेना.

"बाई हायेत," मी म्हणालो. "इथीच हायेत. आयकून राह्यल्या. तू बोल."

"तुमी कोन होय?"

"मी तालुक्यावरून आलो. पेटीवर नावं लिवतो मी." मी फोन बाईंच्या हातातून घेतला. "सोमी, मैनीचं नाव..."

बाईंच्या डाव्या हातानं माझं मनगट धरलं. लकवा झालेल्या माणसात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. त्या माझ्याकडे पाहत मान हलवत होत्या. नाही. आता नाही. तिकडं सोमी वाट पाहत होती आणि फोन मुनशीचा होता, तो कधीही मागून घेईल. मला बाईंचा पहिला प्रश्न आठवला.

"जेवली का?" मी विचारलं.

"हो. शिदोरी खाल्ली." आवाज जरा सैल झाला. "मायं नाव लिवाचं होतं. मैनीची पोरगी मीच पोसून राह्यली. तिच्यासाठी मले जिवंत राहाचं हाये ना, बाई."

मी खिशातून डायरी काढली. सोमी, असं लिहिलं. पुढं पाडा लिहिला. दोन वर्षांत त्या पाड्याचं नाव मी पहिल्यांदा लिहीत होतो आणि अक्षर वाकडं आलं.

"कधीची हाये गा बाई तू?"

"मोह पडून राह्यले होते तवाची."

मार्चचा तिसरा आठवडा, मी लिहिलं. तक्ता मला पाठ होता. मनगटावरचा हात सुटला. मी वर पाहिलं तर बाईंनी तो हात कष्टानं उचलला होता आणि त्याची दोन बोटं वर होती. यंदा मोह दोन आठवडे उशिरा पडला होता. मी आधीचं खोडलं आणि एप्रिल लिहिलं.

"लिवलं," मी सोमीला सांगितलं. "बाईनंच लिवलं."

ती काही म्हणाली ते गलक्यात ऐकू आलं नाही आणि फोन बंद झाला. बाईंची दोन बोटं तशीच वर होती. मी डायरी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली, तारीख दाखवली, तेव्हा त्यांनी हात खाली घेतला.